माईक नंबर चार

माझा माईक आजवर एकदाही बंद पडलेला नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. आता सांगत नाही. रत्नागिरीत कुणालाही विचारा, म्हणतील, "पडला की हो! त्या कोळंबीच्या कंपनीच्या कार्यक्रमात. सुनंदा बोलत होती तेव्हाच नेमका." ते 'पडला' म्हणतात, हा त्यांचा भाबडेपणा. संपादकांनी मला 'साउंडवाल्याचे गमतीदार किस्से लिहा' असं सांगितलंन. किस्से पोत्यानं आहेत. पण हा एक लिहून झाल्याशिवाय बाकीचे हाताला लागायचे नाहीत. गंमत हवी असेल त्यांनी पान उलटावं, माझी काही हरकत नाही.

आधी धंदा काय तो सांगतो, कारण लोकांना वाटतं, 'हॅलो हॅलो, माईक टेस्टिंग' म्हटलं की संपलं. मी सुरुवात केली ती कर्ण्यांवर. जत्रा, नमनाचे खेळ, निवडणुकीच्या सभा, गणपतीतला जाखडीचा नाच. पालीच्या पुढे एका गावात मुलीच्या बापानं मला दम भरलान, मंगलाष्टका पलीकडच्या वाडीत ऐकू गेल्या पाहिजेत, तिथं त्याचे भाऊबंद राहतात आणि त्यांना मुद्दाम बोलावलेलं नाही. मी आंब्याच्या शेंड्याला कर्णा बांधून दिला. एका पुढाऱ्याच्या सभेत वीज गेली, तर जीपच्या बॅटरीवर मी त्याचं पाऊण तासाचं भाषण काढलं. गावानं मला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

मग इकडं कंपन्या आल्या, हॉटेलं आली आणि 'कॉर्पोरेट' आलं. कॉर्पोरेट म्हणजे काय, तर दोन तासांचा कार्यक्रम आणि त्याची तीन दिवस तालीम. भिंतीएवढा स्क्रीन, टेम्पोभर लाइट, बत्तीस माईक लागतील असा मिक्सर. मिक्सरवर प्रत्येक माईकची एक सरकती पट्टी असते, तिला आम्ही फेडर म्हणतो. वर सारली की आवाज येतो, खाली ओढली की जातो. माईक चालूच असतो, बोलणारा बोलतच असतो, फक्त लोकांपर्यंत काही पोचत नाही. बाकी मिक्सरवर शंभर बटणं असतात, ती बघणाऱ्यांवर छाप पाडायला उपयोगी पडतात. खारी हवा ही आमची जन्माची वैरीण. मुंबईवाले आपल्या वायरी आणतात आणि दुसऱ्या दिवशी 'खरखर का येतेय' म्हणून माझ्याकडे बघतात. मी प्रत्येक पिन हातानं घासून पुसून लावतो. म्हणून माझा माईक पडत नव्हता.

तालमीचा एक नियम असतो. मागं काम करणाऱ्या सगळ्यांच्या कानावर हेडफोन असतात आणि त्यात फक्त एक माणूस बोलतो. त्याच्यासमोर कार्यक्रमाचा मिनिटामिनिटाचा कागद असतो. तो म्हणतो 'तयार', की आपण बोट पट्टीवर ठेवायचं. तो म्हणतो 'गो', की बोट हलवायचं. याला कॉल म्हणतात. काय विचारायचं ते तालमीत विचारा, भांडायचं तर तालमीत भांडा. कार्यक्रमात कॉल आला की डोकं बाजूला आणि हात पुढं, कारण विचार करायला गेलात तर अर्धा सेकंद जातो आणि त्या अर्ध्या सेकंदात स्टेजवर अंधार होतो. हा नियम मी आजवर निदान वीस माणसांना शिकवला. शिकवताना टपल्याही मारल्या.

तर कोळंबीची कंपनी. नाव सांगत नाही, रत्नागिरीकरांना सांगायची गरज नाही. समुद्रातून आलेली कोळंबी सोलायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची. सोलायला अडीचशे बायका, आसपासच्या वाड्यांतल्या. कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मोठा समारंभ होता. मालक मुंबईहून येणार होते, परदेशी गिऱ्हाइकं येणार होती. कार्यक्रमाचं सगळं मुंबईच्या एका एजन्सीकडं, आवाज तेवढा माझ्याकडं. कॉल देणारी होती तन्वी, वय अठ्ठावीस-तीस. कामाला वाघीण. मला 'काका' म्हणायची आणि माझी एक चूक सोडायची नाही. अशी माणसं मला आवडतात.

कंपनीच्या बाजूनं मॅनेजर होते. इस्त्रीचा माणूस. कार्यक्रमात सगळं दाखवायचं होतं: मालकांचं भाषण, परदेशी पाहुण्यांचा सत्कार आणि 'कामगारांचं मनोगत'. मनोगताला त्यांनी निवडलं सुनंदाला. पहिल्या दिवसापासून कामाला असलेल्या बायकांपैकी ती एकटीच उरली होती. पन्नाशीची, काटकुळी, बोटांची टोकं बर्फात काम करून पांढरी पडलेली. मनोगत मॅनेजरनी स्वतः टाइप करून दिलं होतं. 'कंपनी हे माझं दुसरं माहेर आहे' इथून सुरू आणि 'धन्यवाद' इथं संपलं.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी तिला आणली. माईकपासून हातभर लांब उभी राहिली. मी स्टेजवर जाऊन तिला एक वीत अंतर दाखवलं.

"दादा, शेवटच्या रांगंत आवाज जाईल ना?" तिनं विचारलं.

"शेवटच्या रांगेत कोण आहे तुमचं?"

"आमच्या समद्या बायका तिथं बसवणार हायत."

"जाईल. हॉलच्या बाहेर चहावाल्यालाही ऐकू जाईल. माझा माईक आहे तो, गंमत नाय."

तिनं कागद वाचला. अडखळत नव्हती, शाळेत धडा वाचावा तसं वाचत होती. तिच्या 'धन्यवाद'नंतर कंपनीच्या प्रगतीचा व्हिडिओ होता. ढोल, तुतारी, बोटी, मालकांचा फोटो. मॅनेजरचं म्हणणं, मध्ये फट नको. "काका, तिचं संपलं की टाळ्यांच्या आत व्हिडिओ लागला पाहिजे. नाहीतर माणसं मोबाईल काढतात." आता हे दोन हातांचं काम. डाव्या हातानं तिचा चार नंबरचा माईक खाली, उजव्या हातानं व्हिडिओचा आवाज वर, दोन्ही एकदम. पहिल्यांदा फट राहिली. दुसऱ्यांदा तिचा 'धन्यवाद' कापला गेला. तन्वी म्हणाली, "परत." सहा वेळा केलं. सुनंदा सहा वेळा तेवढंच शेवटचं वाक्य म्हणाली, कंटाळली नाही. सहाव्या वेळी असं जमलं की तन्वीनं हेडफोनमध्ये 'वा काका' म्हटलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

चहाच्या सुट्टीत सुनंदा पेला घेऊन माझ्या मिक्सरपाशी आली.

"दादा, कागदाच्या भायेर दोन शब्द बोलले तर तुमची मशीन बिघडंल काय हो?"

मी हसलो. "मशीनला कागद कळत नाय. काय बोलायचंय?"

मग तिनं सांगितलं. कोळंबी सोलायच्या शेडला मागचं एक दार आहे. कोणे एके काळी कुणी बाई डब्यातून मूठभर कोळंबी घेऊन गेली, तेव्हापासून त्या दाराला कुलूप. किल्ली सुपरवायझरच्या खिशात, आणि सुपरवायझर चहाला गेला की किल्ली पण चहाला. पावसाळ्याच्या तोंडाला गोठवणखान्यातला अमोनिया वायू सुटला. पुढच्या दारानं आत शिरला, म्हणून बायका मागच्या दाराकडं पळाल्या. दार बंद. पंधरा मिनिटं त्या पदर तोंडावर धरून तिथं उभ्या. बाकीच्यांचं खोकल्यावर निभावलं. तिची जाऊ शेवंता दाराला खेटून खालीच बसली होती. तिला आता घराच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत.

"आणि कुलूप?"

"हाय की. सुपरवायजरला दहादा सांगलं. 'बघतो' म्हनतो. मॅनेजरसायबांना सांगलं, ते म्हनतात लिहून द्या. लिहून दिलं. मालकाला म्हाईतच नसंल, दादा. म्हाईत असतं तर असं कुलूप ठेवलं असतं काय त्यांनी? आता ते समोर बसनार. एकच वाक्य बोलायचंय."

मी तिला म्हटलं, "बोला बिनधास्त. माईक मी सांभाळतो." हे माझे शब्द. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते.

कार्यक्रम दुपारी चारला. हॉल गच्च. पुढं सोफ्यांवर मालक आणि पाहुणे, मागं कंपनीनं वाटलेल्या एकसारख्या निळ्या साड्यांत बायका. मी हॉलच्या मध्यावर मिक्सरपाशी, माझ्या डाव्या बाजूला तन्वी. सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मालकांचं भाषण झालं, त्यात 'एकही अपघात नाही' हे दोनदा आलं. टाळ्या झाल्या. मग सुनंदा आली. माईकपासून बरोबर एक वीत उभी राहिली. कागद वाचलान. माहेर झालं, पंचवीस वर्षं झाली, मुलांची शिक्षणं झाली. मग तिनं कागदाची घडी घातली आणि ती सरळ पहिल्या रांगेकडं बघून बोलली.

"मालक, कागदात नाय ते एक सांगायचं हाय. आमच्या शेडीच्या मागच्या..."

माझ्या कानात तन्वी म्हणाली, "माईक चार आणि व्हिडिओ, तयार... गो."

माझे दोन्ही हात हलले. डावा खाली, उजवा वर. सातवी वेळ, आणि सहावीपेक्षा सरस. तुतारी वाजली, स्क्रीन उजळला, सुनंदावरचा लाइट गेला. लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या पडल्या.

इथवर मी निर्दोष आहे असं कुणी म्हणेल. मीही बरेच दिवस म्हणत होतो. सवयीचा हात, कॉल आला, गेला. पण व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा होता. माझं बोट चार नंबरच्या पट्टीवर तसंच होतं. सुनंदा अंधारात उभी होती, स्क्रीनच्या उजेडात तिचं तोंड हलताना दिसत होतं. ती थांबली. तिनं माईकवर दोन टिचक्या मारल्यान. मग माझ्याकडं बघितलंन आणि हात हलवून खूण केली, 'दादा, बंद पडला.' रागानं नाही. गाडी बंद पडली की माणूस ड्रायव्हरकडं बघतो तसं. मी करीन काहीतरी, असं तिला वाटत होतं.

पट्टी बोटभर वर सारायची, बस. ढोल खाली, माईक वर. एका सेकंदाचं काम, आणि मग ते वाक्य चहावाल्यापर्यंत गेलं असतं. मी मान खाली घातली आणि मिक्सरवर काहीतरी शोधत असल्याचं नाटक केलं. शंभर बटणांचा तेवढा उपयोग झाला.

का केलं नाही? भीती वाटली. समोर मालक, मागं मॅनेजर, पुढच्या सगळ्या कंपन्यांची कामं याच माणसांच्या तोंडून मला मिळणार. 'म्हातारा ऐकत नाही, मनाचं करतो' असं एकदा झालं की मला कोण बोलावणार? दुसरं काही कारण नाही. मोठं काही असतं तर लिहिलं असतं.

सूत्रसंचालक बाई स्टेजवर गेली, सुनंदाला कोपराला धरून तिनं खाली आणलंन आणि तिच्या हातात शाल-श्रीफळ दिलंन. व्हिडिओ संपल्यावर त्याच बाईनं गोड आवाजात जाहीर केलं, "तांत्रिक अडचणीमुळे झालेल्या व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." आणि हॉलातली सगळी माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली. ओळखीचीच सगळी. लाज सोडून सांगतो, त्या क्षणी मला राग आला तो ह्याचा. माझा माईक पडला म्हणाले! सुनंदाचं वाक्य गेलं, शेवंता घरी धापा टाकत असेल, यातलं काही मनात नव्हतं. माझ्या नावाला बट्टा लागला, एवढंच होतं. माणूस किती हलका असू शकतो हे मला स्वतःवरून कळलं.

कार्यक्रम संपल्यावर तन्वी वायरी गुंडाळत होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं ती काय बोलणार ते?"

"नाही हो काका. मॅनेजर मागे उभे होते. त्यांनी खांद्यावर हात मारला आणि म्हणाले, 'कट'. मी कॉल दिला." मग वर न बघता म्हणाली, "तुम्ही पण घेतलात ना?"

घेतला होता. तेवढ्यात मॅनेजर आले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काका, टायमिंग एक नंबर. मुंबईला असा माणूस मिळत नाही." आयुष्यात कुणी माझ्या कामाची इतकी तारीफ केली नव्हती. मी म्हटलं, "थँक यू, साहेब." हो, म्हटलं.

त्यानंतर चार महिने मी 'माईक पडला' हेच ऐकत फिरलो. मासळी बाजारात, बँकेत, न्हाव्याकडं. "काय अण्णा, मशीन जुनी झाली वाटतं!" मी हसून 'हो, खारी हवा' म्हणायचो. निम्मं खरं असं चिकटवलं की बाकीचं खोटं आपोआप बसतं. पण खरा चटका बसला तो स्टँडवर. कंपनीतल्या दोन बायका भेटल्या, आणि त्यातली एक मला समजावणीच्या सुरात म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका हो. सुनंदावयनी समद्यांना सांगत्ये, मशीनच ती, कदी तरी बिघडनारच, दादांचा त्यात काय दोष? उलट त्यांनी मला बोलायला धीर दिलान." मी एसटीत चढलो आणि बसून राहिलो. माझी गाडी ती नव्हतीच. हातखंब्याला उतरून परत आलो.

त्याच आठवड्यात कंपनीचा फोन आला. पुढच्या वर्षीचा सुरक्षा सप्ताह, आवाज तुमचाच. मी हो म्हटलं. बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "मग आता तरी त्या बाईकडं जाऊन या."

गेलो. डोंगराच्या उतारावर वाडी, जांभ्या दगडाचं घर, तीन पायऱ्या. पडवीत शेवंता भिंतीला टेकून बसली होती, प्रत्येक श्वास मोजून घेतल्यासारखी. सुनंदा दुपारच्या शिफ्टला निघायच्या तयारीत होती. मला बघून तिला आनंद झाला. खरंच झाला. "दादा, या, बसा" म्हणून पाट दिलान, नको नको म्हणताना चहा टाकलान. चहा पिऊन झाल्यावर बोलायचं ठरवलं होतं. मग वाटलं, तिचा चहा पिऊन बोलणं म्हणजे आणखी नीचपणा. पेला तसाच ठेवून मी सांगून टाकलं. माईक पडला नव्हता. मी बंद केला. वरून हुकूम आला होता, पण परत चालू करायला मला साडेतीन मिनिटं होती आणि मी केला नाही.

शेवंता मान वळवून माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं होतं, सुनंदा शिव्या घालील. शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं, मी त्या घेऊन घरी आलो असतो.

मग तिनं विचारलं, "किती ऐकू गेलं मालकांना?"

"'शेडीच्या मागच्या' इथवर."

"म्हंजी दार नाय."

"नाय."

"कुलूप हाय तसंच हाय," ती म्हणाली. मला सांगत नव्हती, हिशेब लावत असावी. "आता सुरक्षा सप्ताह हाय म्हनतात. तुमचीच मशीन ना? मालक पन येनार. तुमी सांगाल त्यांना? तुमचं ऐकतील. मशीनवाल्याला कोन आडवनार?"

मी खाली बघितलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर माझी सावली पडली होती, तिच्याकडं बघत बसलो. मला 'हो' म्हणता आलं असतं. खोटं 'हो' मी एकदा तिला देऊन चुकलो होतो, आणि खरं 'हो' माझ्याकडं नव्हतं.

"नाय ना?" तिनंच म्हटलं.

खालून रस्त्यावरून कंपनीच्या गाडीचा हॉर्न आला. सुनंदा उठली, डबा पिशवीत घातलान. शेवंताच्या पाठीमागं उशी सारखी केली, तिच्या हाताजवळ पाण्याचा तांब्या ठेवला. मग माझा भरलेला पेला उचलून तिनं चहा न्हाणीत ओतला, पेला विसळून पालथा घातला आणि पायरीवर चपला पायात सरकवता सरकवता माझ्याकडं बघून म्हणाली, "सांगून तुमी मोकळं झालाव, दादा. मला शिफ्टला जायाचं हाय."